घरची भाषा, कमाईची भाषा

भिलाईतील मराठी घरांतली मुले आईशी मराठीत, शेजारीपाजारी छत्तीसगढीत आणि शाळेत हिंदी-इंग्रजीत बोलतात. घरी त्याचे कौतुक होते. नोकरीच्या अर्जात मात्र ते कुठेच दिसत नाही. खरे तर दुभाष्याचे मोल या गावाला ठाऊक आहे. १९५५च्या करारानंतर सोव्हिएत तज्ज्ञ पोलाद कारखाना उभारायला आले, तेव्हा रशियन जाणणाऱ्या दुभाष्यांवाचून काम अडले असते. पण नुसते बोलता येऊन भागत नाही, हाती कागद लागतो. केंद्र सरकारच्या हिंदी अनुवादक पदांसाठी पदव्युत्तर पदवीबरोबर अनुवादाची पदविका, प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांचा अनुभव मागतात. मराठीची लिपी तर मुलांना हिंदीमुळे येतेच. रोज चार ओळी मराठीत लिहायला लावा आणि पदवीनंतर अनुवादाच्या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करा.