टी. रेक्स विरुद्ध स्पायनोसॉरस

२००१च्या ‘जुरासिक पार्क ३’मध्ये स्पायनोसॉरस टी. रेक्सची मान मोडतो. लाडक्या टी. रेक्सचा असा निकाल चाहत्यांना रुचला नाही. तो वाद अजून धुमसतो आहे.

प्रत्यक्षात ही झुंज अशक्यच होती. स्पायनोसॉरस साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेत वावरत होता, तर टी. रेक्स सुमारे ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत. लांबीत स्पायनोसॉरस सरस. पण त्याचा जबडा सुसरीसारखा निमुळता, दात शंकूच्या आकाराचे, म्हणजे निसटते मासे पकडण्याजोगे. टी. रेक्सचे जाडजूड दात मात्र हाडांचा चुरा करत.

सिनेमाला दोष देताना एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इजिप्तमध्ये सापडलेले स्पायनोसॉरसचे मूळ जीवाश्म १९४४ साली म्युनिकवरील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. दिग्दर्शक जो जॉन्स्टन यांच्या हाती होती ती तुटपुंजी माहिती.

पुढे मोरोक्कोतील अवशेषांवरून स्पायनोसॉरसच्या वल्ह्यासारख्या शेपटीचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. तो खोल पाण्यात शिकार करी की काठाशी उभा राहून, यावर शास्त्रज्ञांमध्येही अद्याप एकमत नाही.