पान 355

संपादकांना लेख हवा होता तो इमारतीवर. बॉस्टनच्या कॉप्ली चौकातल्या ट्रिनिटी चर्चशी आपला एक धागा जुळलेला आहे. 1887 साली त्या शहरात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या उपाध्यक्षांमध्ये इथले धर्मगुरू फिलिप्स ब्रुक्स होते. पंडिता रमाबाईंच्या शाळेसाठी पैसा उभा करणारी ती संस्था. एच. एच. रिचर्डसन यांची ही वास्तू 1877 पासून भरावाच्या जमिनीत ठोकलेल्या हजारो लाकडी खांबांवर उभी आहे. पण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला अडकवले ते एका पुस्तकाने. ट्रिनिटीसारख्या कुठल्याही एपिस्कोपल चर्चमध्ये ते बाकाशी ठेवलेले असते.

‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’. चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या झालेल्या अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने 1789 मध्ये स्वतःची आवृत्ती काढली. आज चालते ती 1979 ची. रविवारची मुख्य उपासना बहुतेक ठिकाणी पान 355 वर सुरू होते. धर्मगुरूने काय म्हणायचे आणि लोकांनी काय, दोन्ही त्यात छापलेले. म्हणजे वेदीवरच्या माणसाच्या हाती आहे तीच संहिता पहिल्यांदा आलेल्याच्याही हाती असते. मला हे फार मोलाचे वाटते.

तरी नवखा माणूस गोंधळतोच. स्तोत्र त्याच पुस्तकात, पण पार मागे. गीते ‘हिम्नल 1982’ या दुसऱ्या पुस्तकात, त्यांचे क्रमांक बहुधा भिंतीवरच्या फळीवर. पान 361 पासून चार पर्यायी प्रार्थना लागतात. त्यांतली तिसरी निवडली असेल तर एकदम 369 वर उडी. म्हणून बरीच चर्च सगळा क्रम एका पत्रकावर छापून दारातच हातात देतात. उठणे-बसणे शेजाऱ्याकडे पाहून जमते. गुडघे टेकवत नसतील तर बसून राहावे. पान 360 वर ‘शांती’ येते तेव्हा अनोळखी माणसे हात पुढे करतात. दानाचे तबक नुसते पुढे सरकवले तरी चालते. मग कठड्यापाशी प्रभुभोजन: एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवला की भाकर मिळते. कोणत्याही चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांना निमंत्रण असते. ज्यांना घ्यायचे नाही त्यांनी छातीशी हात दुमडले की आशीर्वाद मिळतो. शेवटी कॉफी असते, आणि ओळखी खऱ्या तिथेच होतात.

मात्र हे सगळे उभे राहते ते आदल्या दिवशीच्या कामावर. ते करते ऑल्टर गिल्ड, बहुतेक ठिकाणी बिनपगारी, वयस्क बायका. त्या वेदीची वस्त्रे इस्त्री करतात, प्याले घासतात, भाकर मोजून ठेवतात. प्याला पुसलेल्या तागाच्या रुमालांचे पहिले पाणी त्या मोरीत सोडत नाहीत. अनेक चर्चच्या मागच्या खोलीत त्यासाठी वेगळे कुंड असते, त्याची नळी गटाराला न जोडता थेट जमिनीत उतरते. कुंड नसेल तर पाणी बागेतल्या मातीत घालतात. देवपूजेचे पाणी तुळशीत घालणाऱ्या घरातल्या माणसाला याचे कारण विचारावे लागत नाही.

काळजी आहे ती याच हातांची. 1960 च्या दशकात एपिस्कोपल चर्चचे 34 लाखांहून अधिक सभासद होते. आज ते सोळा लाखांच्याही आत आहेत. गिल्डमधून एक बाई थकली की तिच्या जागी दुसरी मिळणे कठीण होते. इस्त्रीचे काम शिकवता येते, पण शनिवारची सकाळ मोकळी असलेले माणूस आणायचे कुठून? लहान गावांत दोन-तीन चर्च मिळून एक धर्मगुरू ठेवतात, तोही पुष्कळदा अर्धवेळ. जिथे त्याची पाळी नसते तिथे भाकर आणि प्याल्याचा विधी होत नाही, कारण तो धर्मगुरूशिवाय करता येत नाही.

पुस्तकात त्याचीही सोय आहे. पान 75 वरची प्रातःप्रार्थना कोणीही सभासद चालवू शकतो. तेव्हा अशा गावात नव्याने जाणाऱ्याने दारातच विचारून घ्यावे, आज कोणते पान.