गोष्ट चहावर सांगून झाली, आता पुढे काय? सिनेमासाठी लिहिणाऱ्यांचा कागदोपत्री हिशेब

बेळगाव : खानापूर भागातल्या एका नाट्यकर्मी मित्राकडे सिनेमाची एक चांगली गोष्ट होती. दुकानांच्या पाट्या रंगवणारा म्हातारा पेंटर. पाटीवर ६० टक्के कन्नड हवे असा नियम आल्यावर ४० वर्षांपूर्वी स्वतःच रंगवलेली मराठी पाटी त्याला स्वतःच्याच हाताने पुसायची वेळ येते. मित्राने ही गोष्ट बाहेरगावाहून आलेल्या एका निर्मात्याला हॉटेलात बसून तासभर सांगितली. 'करूया की' म्हणून निर्माता गेला, तो गेलाच. पुढे एका ट्रेलरमध्ये पाट्या पुसणारा म्हातारा दिसला आणि मित्राचा फोन आला, 'केस करू काय?'

कागद काय आहे, असे मी विचारले. कागद नव्हता. गोष्ट डोक्यात होती.

आपल्याकडे एकांकिका लिहिणारी, स्पर्धा गाजवणारी मुले कमी नाहीत. त्यातल्या अनेकांना आता सिनेमा आणि वेबसिरीजसाठी लिहायचे आहे. त्यांनी एक जुना खटला माहीत करून घ्यायला हवा. गंमत म्हणजे तो खटलाही भाषा आणि प्रांतवादाच्याच नाटकावरून झाला होता.

आर. जी. आनंद यांनी १९५३ मध्ये 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले. पंजाबी आणि मद्रासी अशी दोन शेजारी कुटुंबे, त्यांच्या मुलांचे प्रेम, आईबापांचा विरोध. दिल्लीत प्रयोग गाजले. १९५५ च्या सुरुवातीला दिग्दर्शक मोहन सेगल दिल्लीत आले, तेव्हा आनंद यांनी त्यांना पूर्ण नाटक वाचून दाखवले. पुढे काहीच कळवणे नाही. १९५६ मध्ये सेगल यांचा 'न्यू दिल्ली' आला. पंजाबी नायक, मद्रासी नायिका, तोच प्रांतवाद. आनंद कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टात हरले आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टातही हरले.

इथे तर पूर्ण नाटक कागदावर होते, वाचूनही दाखवले होते. मग हरले कसे? कोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे : कल्पना, विषय, कथानकाचा गाभा यांच्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो ती कल्पना ज्या रूपात, ज्या मांडणीत, ज्या तपशिलांत उतरवली त्याच्यावर. दोन्ही पाहिल्यावर सामान्य प्रेक्षकाला 'ही सरळ नक्कल आहे' असे वाटले पाहिजे. सिनेमात भाड्याने खोली देतानाचा प्रांतवाद होता, हुंड्याचा विषय होता, प्रसंगांची मांडणी वेगळी होती. म्हणून ती नक्कल ठरली नाही.

म्हणजे पाटी पुसणारा पेंटर ही कल्पना माझ्या मित्राची नाही, कुणाचीच नाही. उद्या तुम्हीही त्यावर लिहू शकता. मालकी सुरू होते ती प्रसंग लिहिल्यावर. आणि पटकथेची कारागिरी असते ती नेमकी तिथेच.

पटकथेत कॅमेऱ्याला दिसेल आणि माईकला ऐकू येईल तेवढेच लिहायचे असते. 'पेंटरला फार वाईट वाटले' हे कथेत चालते. पटकथेत ते दिसणार कसे? मग लिहिणाऱ्याला शोधावे लागते : बाह्य, बाजारपेठ, सकाळ. पेंटर शिडीवर. बाकीची अक्षरे भराभर पुसतो, एका अक्षराशी हात थांबतो. खालून दुकानदाराचा नातू ओरडतो, 'आजोबा, ते राहिलं की!' पेंटर रॉकेलचा बोळा पुन्हा भिजवतो. संवाद एकच, तोही पोराचा. असे साठ-सत्तर प्रसंग एकमेकांना ढकलत पुढे नेले की पटकथा होते. साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट असा ठोकताळा आहे. दोन तासांच्या सिनेमाला ११० ते १२० पाने. एकांकिका लिहिणाऱ्यांची इथेच पंचाईत होते, कारण त्यांचा सगळा भार बोलण्यावर असतो.

श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन कामे वेगळी लिहिलेली असतात. ती तीन माणसांची असू शकतात आणि पैसेही वेगळे. 'सिंहासन'च्या कादंबऱ्या अरुण साधूंच्या, पटकथा विजय तेंडुलकरांची. दुसऱ्याच्या पुस्तकावर लिहायचे तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. आपल्या शेजारच्या कोवाडचे रणजित देसाई १९९२ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०५२ अखेरपर्यंत आहे. त्यांच्याच 'राजा रविवर्मा'वर केतन मेहतांनी 'रंगरसिया' काढला.

आता कागद. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद झालात की कथा-पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. त्या तारखेला हे लिखाण तुमच्याकडे होते याचा तो पुरावा. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातही नोंदणी होते. कायद्याने ती सक्तीची नाही, लिहिले त्या क्षणी हक्क तुमचाच असतो. पण भांडण झाले तर तारीख लागते. निर्मात्याला गोष्ट ऐकवून आलात की त्याच रात्री 'आज भेटीत ही कथा ऐकवली, सोबत जोडली आहे' असा ईमेल टाका. यात कुणाचा अपमान नाही.

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे माझे लक्ष करारावर जास्त. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्मात्याने वर्षभरात हक्क वापरलेच नाहीत आणि करारात तसे काही म्हटलेले नसेल तर ते परत तुमच्याकडे येतात. म्हणूनच छापील करारात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असे सगळे आधीच घातलेले असते. वाचल्याशिवाय सही करू नका.

२०१२ च्या दुरुस्तीने लेखकांच्या बाजूने एक मोठी गोष्ट झाली. थिएटर सोडून इतर ठिकाणी, म्हणजे टीव्हीवर वगैरे, लिखाणाचा वापर झाला तर रॉयल्टीतला समान वाटा लेखकाचा. हा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. प्रत्यक्षात पटकथाकाराच्या हातात ती रक्कम पडणे हा वेगळा विषय. तरी 'रॉयल्टी सोडली' असे वाक्य करारात दिसले तर खोडायला सांगा.

पैसे हप्त्याने मिळतात : सही, आराखडा, पहिला खर्डा, अंतिम खर्डा, शूटिंग. नवख्याचा घात शेवटच्या हप्त्यात होतो. तो 'प्रदर्शनानंतर' असा असेल आणि सिनेमा डब्यातच राहिला तर पैसेही डब्यात. जास्तीत जास्त रक्कम अंतिम खर्डा देण्यापर्यंतच्या हप्त्यांत बसवून घ्या. किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या तो आकडा लिहून घ्या, नाहीतर सातवा खर्डाही फुकट लिहावा लागतो. मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन दिला नसेल तर थेट २० टक्के. कापलेला टीडीएस आपल्या नावावर जमा झाला की नाही ते तपासा.

नावाचेही तसेच. 'जंजीर'च्या वेळी, १९७३ मध्ये, पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी पेंटरला पैसे देऊन मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःचे नाव रंगवून घेतले होते. तुम्ही करारातच लिहून घ्या : पडद्यावर नाव कुठे, पोस्टरवर नाव आहे की नाही.

मित्राने केस केली नाही. ट्रेलरमधला सिनेमा पूर्ण पाहिला, तर त्यातला म्हातारा दहा मिनिटांत संपतो आणि पुढची गोष्ट वेगळीच निघाली. त्याने आता पेंटरची पटकथा लिहायला घेतली आहे. ४० पाने झालीत म्हणे. यावेळी निर्मात्याला अजून फोन केलेला नाही.