तापी खोऱ्यातील रावेर : माल दूरदेशी, व्यवहार तोंडी

मुस्लिम व्यापारी वस्ती म्हटली की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा येतो. दाभोळ, बाणकोट, श्रीवर्धन, मुरूड. होड्या, मासळी, नारळ-सुपारी आणि आखातातून येणारा पैसा. खानदेशाला समुद्र नाही. जळगाव जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यातील रावेरला तर नाहीच नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि पूर्वेस मध्य प्रदेशची हद्द. हद्द ओलांडली की बऱ्हाणपूर. तरीही रावेरचा व्यवहार एखाद्या बंदराच्या गावासारखाच आहे. येथे जे होते ते येथे खपत नाही, सारा माल दूर जातो, आणि त्या मालाच्या चढ-उतारावर गावाची चूल पेटते. म्हणून किनाऱ्यावरील गावांइतकेच हे गावही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी या भागाचे बंदर सुरत होते. फारुकी सुलतानांच्या काळात बऱ्हाणपूर वसले, दौलताबादजवळच्या खुलदाबादचे सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि फारुकींचे राज्य संपले, पण कापडाचा धंदा थांबला नाही, उलट वाढला. थाळनेर, चोपडा अशा मुक्कामांनी तापीच्या खोऱ्यातून सुरत ते बऱ्हाणपूर वाट चाले. सतराव्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याने लिहून ठेवले आहे की बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो इतक्या दूर जात असे. त्याच सुरतेहून हाजी लोकांची जहाजेही सुटत.

रावेर या मोठ्या पेठेच्या सावलीत वाढले. १७६३ मध्ये निजामाने हा भाग पेशव्यांना दिला व पेशव्यांनी रावेर होळकरांकडे सोपविले. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये रावेरची ओळख केळीने दिलेली नाही. कलाबतू आणि देशी पोशाखाचे जिन्नस यांबद्दल रावेरची ख्याती असल्याची नोंद आहे. शेजारचे फैजपूर (जेथे १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले) कापडावरील छपाई आणि निळ्या-लाल रंगांसाठी प्रसिद्ध होते.

कलाबतूचे काम नव्या पिढीने पाहिलेले नाही, म्हणून थोडे सांगतो. चांदीच्या कांडीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, ती तापवून लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत न्यावयाची. केसासारखी तार झाली की ती चपटी करावयाची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळावयाची. एका कारागिराचे हे काम नव्हे. ओढणारा वेगळा, चपटी करणारा वेगळा, गुंडाळणारा वेगळा. हा धागा पागोट्याच्या व शेल्याच्या पदराला लागे. पागोटे डोक्यावरून उतरले, यंत्रावरची स्वस्त जर बाजारात आली, सुरतेने मोठे कारखाने घातले. रावेरचे नाव त्या धाग्याला चिकटलेले नव्हतेच. पागोटे विकले गेले ते विकणाऱ्या पेठेच्या नावाने. धंदा गेला तेव्हा मागे काही राहिले नाही.

बऱ्हाणपूरच्या मोमीन बांधवांनी हातमागावरून यंत्रमागावर उडी घेतली व आपला धंदा कसाबसा टिकविला. परंतु मध्ये राज्याची हद्द आहे. दोन्ही गावांत सोयरिकी आहेत, बाजार एक आहे, केळीही एकच आहे, पण सरकारी कार्यालये दोन, योजना दोन आणि दाखलेही दोन.

आता केळीकडे येऊ. जळगाव जिल्हा केळीचा, आणि जिल्ह्यात रावेर तालुका सर्वांत पुढे. १८७० मध्ये मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंतचा लोहमार्ग पूर्ण झाला. त्याच मार्गावर सावदा, निंभोरा, रावेर ही लहान स्थानके आहेत. पुढे केळीच्या वॅगन याच स्थानकांवर भरल्या जाऊ लागल्या. शेतकऱ्यांच्या फ्रूटसेल सोसायट्या वॅगन मागवीत आणि माल दिल्लीला रवाना करीत. नंतर बहुतेक माल ट्रककडे गेला. २०२१ मध्ये रावेर व सावदा येथून दिल्लीच्या आदर्शनगरकडे किसान रेलने पुन्हा केळी गेली, पण भाड्यातील सवलतीचा आधार संपल्यावर तो जोर राहिला नाही.

या साखळीत आमची बिरादरी कोठे आहे? जवळजवळ प्रत्येक कडीत आहे. बागेत घड कापणाऱ्या टोळ्यांत आहे, डोक्यावर घड वाहून ट्रक भरणाऱ्या हमालांत आहे, ट्रकच्या चाकामागे आहे, पिकवणीच्या वखारीत आहे आणि शेवटी हातगाडीवर फण्या मांडून उभ्या असलेल्या बागवानातही आहे. सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी बांधव तर या तालुक्याचे मूळचेच रहिवासी. ते भिल्ल आहेत आणि मुसलमानही. सरकारदरबारी अनुसूचित जमातीत, आणि नमाजच्या सफेत आमच्या शेजारी. शहरी मुसलमानांना त्यांची आठवण क्वचितच होते, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे. पिंजाऱ्यांचा धंदा फोमच्या गाद्यांनी खाल्ला, मण्यारांच्या बांगड्या आता दुकानात आयत्या मिळतात. त्यांची मुलेही केळीच्या हंगामात ट्रकवर दिसतात.

केळीचा सौदा मार्केट यार्डात होत नाही, बागेत होतो. भाव रोज जाहीर होतो, तोही प्रतवारीने: नव्या लागवडीचा माल नवती, झाडाच्या पिलावर आलेला पिलबाग, हिवाळ्याच्या तोंडी लावलेला कांदेबाग, आणि उतरत्या प्रतीचा वापसी. जाहीर भाव एक आणि प्रत्यक्ष बागेत दिलेला भाव कमी, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. उत्तरेत माल पडून आहे, गाड्या मिळत नाहीत, थंडीने उठाव नाही, अशी कारणे व्यापारी देतात. कधी ती खरी असतात. कधी नसतात. वजनाच्या काट्याविषयीही हीच कुरबुर. सूरह मुतफ्फिफीन कोणाला उद्देशून आहे हे आमच्या व्यापाऱ्यांना सांगावे लागू नये.

एक गोष्ट मात्र या धंद्यात चांगली आहे. आंब्याच्या बागा मोहोरावरच उक्त्या घेतल्या जातात, केळीचा सौदा साधारणतः घड तयार झाल्यावर आणि वजनावर होतो. फळ उपयोगी पडण्याच्या स्थितीला येण्यापूर्वी त्याची विक्री करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे, आणि तिचे कारणही हदीसमध्ये आले आहे: फळ हाती आलेच नाही तर भावाचा पैसा कोणत्या हक्काने घेणार? रावेरच्या शेतकऱ्याला हे कारण फार समजावावे लागत नाही. मे-जूनमध्ये वादळ सुटते आणि कापणीला आलेली उभी बाग तासाभरात आडवी होते. २०२० च्या पावसाळ्यात कुकुंबर मोझॅक विषाणूने कोवळी रोपे धरली, तेव्हा शेतकऱ्यांनी बागाच्या बागा उपटून फेकल्या. बाग गेली की शेतकऱ्याच्या नुकसानीचा पंचनामा तरी होतो. कापणीच्या टोळीचा आणि हमालाचा हंगाम बुडतो, त्याचा पंचनामा कोठेही होत नाही.

खरा खड्डा आहे तो उधारीत. दिल्ली येथून हजार-अकराशे किलोमीटर. केळी नाशवंत. माल आज भरला नाही तर उद्या झाडावर पिकतो, म्हणून ओळख पुरेशी नसतानाही गाडी भरून दिली जाते. पैसे आठवड्याने येतील, पंधरवड्याने येतील, फोनवर कळेल. बाहेरचा व्यापारी दोन-तीन हंगाम चोख पैसे देतो, विश्वास बसतो, आणि मोठी उचल करून एके दिवशी फोन बंद. रावेर-सावदा भागात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे. अशा वेळी मधला माणूस अडकतो. तो बहुधा स्थानिक दलाल असतो, आणि अनेकदा आमचाच असतो. शेतकरी त्याच्या दारात येतो, कारण शब्द त्याने दिलेला असतो. एक बुडाला की गावात नाव साऱ्या बिरादरीचे निघते. ज्या तालुक्यात लहानशा ठिणगीने दोन समाजांत बेबनाव झाल्याचे प्रसंग लोकांच्या आठवणीत आहेत, तेथे बुडालेला पैसा हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही.

पवित्र कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह बकरहमधील ही २८२ वी आयत उधारीच्या लेखी नोंदीविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आदेश आहे. आमचे बांधव तिची तिलावत करतात आणि केळीचा ट्रक तोंडी शब्दावर रवाना करतात. लिहा म्हटले की समोरच्याला अविश्वास वाटेल, अशी भीती. वास्तविक दोन प्रतींत एक चिठ्ठी पुरे: तारीख, गाडीचा नंबर, प्रत, वजन, ठरलेला भाव, पैसे कोण देणार व किती दिवसांत, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. उद्या कोर्टात जाण्याची वेळ आली तर दाखवावयास काहीतरी हाती असते. दलालाने फक्त दलाली घेतली आहे की मालाची जबाबदारीही, हेही त्याच चिठ्ठीत लिहावे. सर्वाधिक भांडणे येथेच होतात.

पिकवणीबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. केळी कापतात हिरवी, पिकते ती वखारीत. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून ती झटपट पिवळी करण्याचा प्रकार अद्याप पूर्ण थांबलेला नाही. कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी त्याला बंदी आहे. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, ठराविक प्रमाणात. थंड खोलीत सोळा ते अठरा अंश तापमान ठेवून, हवेत ओलावा राखून, पहिले चोवीस तास इथिलीन देतात. मग चार-पाच दिवसांत फळ आतपर्यंत पिकते, नुसती साल पिवळी होत नाही. अशी खोली बांधणे एकट्या बागवानाच्या आवाक्यातील नाही, परंतु दहा जणांनी भागीदारीत बांधावयास काय हरकत आहे? रमजानमध्ये केळीचा उठाव सर्वांत मोठा. दिवसभराच्या रोज्यानंतर खजुराबरोबर जे फळ माणूस तोंडात घालतो, ते कार्बाइडवर पिकविलेले असावे, आणि पिकविणारा स्वतःही रोजेदार असावा, याला काय म्हणावे?

नावाच्या बाबतीत रावेरने या वेळी कलाबतूची चूक केलेली नाही. २०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची नोंदणी तालुक्यातील तांदलवाडीच्या निसर्गराजा या शेतकऱ्यांच्या गटाने केली. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकित केळी, २२ टन, दुबईला रवाना झाली. निर्यातीच्या मालाला घड डोक्यावर घेऊन चालत नाही. फण्या सोडवून, धुऊन, पुसून, खोक्यात भरून शीतपेटीतून न्यावा लागतो. एका डागाने फणी बाद होते. हे काम कौशल्याचे आहे आणि त्याला मजुरीही बरी आहे. पण या मानांकनात वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. बिरादरीतील जे थोडे शेतकरी आहेत आणि जे व्यापारी स्वतःचा माल बाहेर पाठवितात, त्यांनी ही चौकशी करावी. लहान व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी २०२१ पासून खुली झाली आहे, तिला पैसा लागत नाही, आधार व पॅन लागते. फळविक्रेत्यानेही अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी केलेली असावी. ‘आपले छोटे काम, कशाला कागद’ हे वाक्य आम्ही आखाती देशांत गेलेल्या मुलांच्या बापांकडून कधी ऐकत नाही. पासपोर्ट काढावयाचा असतो तेव्हा सारे कागद जमतात.

राहता राहिले खोड. घड कापला की खोड बांधावर पडते, कुजते, किंवा ते उचलण्याचाच खर्च येतो. याच खोडाच्या सालपटांतून यंत्राने धागा निघतो. त्याच्या दोऱ्या, चटया, पिशव्या होतात, आणि सुताबरोबर मिसळून कापडही होते. लागवडीचा तालुका रावेर, मागावरचा हात बऱ्हाणपूरचा, दोहोंत तासाभराचे अंतर. धागा काढून वाळवून देणारे पिंजाऱ्यांच्या मुलांतील चार जण आणि तो मागावर घालून पाहणारा एक मोमीन कारागीर, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. आधी चार-दोन किलो धागा घेऊन बऱ्हाणपूरला जावे, मागावर तो तुटतो की टिकतो हे पाहावे, आणि मगच यंत्राची किंमत विचारावी.