अर्ज तिकडे, मुक्काम इकडे

विवाहाच्या आधारे परदेशी स्थायिक होण्याचा अर्ज चालू असताना तात्पुरते स्थलांतर करावे लागले, तर काय सांभाळावे?

वऱ्हाडातील व्यापारी घराण्यांना स्थलांतर नवे नाही. कापूस, धान्य आणि कापड यांच्या व्यापाराने गुजरात-राजस्थानातील कित्येक कुटुंबे अकोला, अमरावती, कारंजा या गावांत आणून वसवली. पेढीवरच्या एखाद्या कर्त्या माणसाने चार-सहा महिने मुंबईस किंवा इंदूरला राहून यावे आणि हंगाम संपताच परत गादीवर बसावे, यात कोणालाही कधी वावगे वाटले नाही. माणूस तात्पुरता गेला आहे की कायमचा, हे सांगायला घरच्यांचा शब्द पुरेसा होता.

आज याच घरांतील मुलामुलींचे विवाह अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या जोडीदारांशी होतात. विवाह एका दिवसात होतो. स्थायी निवासाच्या अर्जाला मात्र अनेक महिने आणि कधी कधी वर्षेही लागतात. त्या मधल्या काळात संसाराची गाडी थांबत नाही. सासऱ्यांवर शस्त्रक्रिया ठरते, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यावेसे वाटते, दुकानाची वाटणी निघते. मग कोणीतरी सहज म्हणते, ‘चार महिने इकडेच राहून जा, मग पाहू.’ घराच्या दृष्टीने हे बोलणे मायेचे असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याच चार महिन्यांनी अर्ज निकालात निघू शकतो.

व्यापारात माल ‘जाकड’ देण्याची पद्धत आहे. माल दुसऱ्याच्या दुकानात गेला तरी मालकी देणाऱ्याचीच राहते, पण केव्हा? जाकडाची नोंद वहीत असेल तेव्हा. नोंद नसेल, तर तो माल विकला गेला असेच समजले जाण्याचा धोका असतो. तात्पुरत्या स्थलांतराचेही नेमके असेच आहे. ‘आम्ही परत जाणारच होतो’ हे तोंडी सांगून उपयोग नाही. परतण्याचा हेतू कागदावर असावा लागतो आणि तो निघण्यापूर्वी असावा लागतो. म्हणून तिकीट काढण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे घरात बसून लिहून काढावीत. जागा कोण सोडणार आहे, अर्जदार की जामीनदार जोडीदार? अर्ज परदेशात राहून केला आहे की भारतातून? आणि तो सध्या कोणत्या टप्प्यावर आहे?

अर्ज अमेरिकेत राहून केला असेल तर

सर्वांत मोठे नुकसान होते ते येथे. पती किंवा पत्नी अमेरिकेत असताना तेथूनच स्थायी निवासाचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज ‘आय-४८५’ या नमुन्यात भरता येतो. हा अर्ज प्रलंबित असताना प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता देश सोडला, तर अर्जदाराने अर्ज स्वतःहून सोडून दिला असे मानले जाते. या परवानगीला ‘ॲडव्हान्स पॅरोल’ म्हणतात आणि ती ‘आय-१३१’ या नमुन्यात मागावी लागते. एच-१बी, एच-४, एल-१ आणि एल-२ या वर्गांतील व्यक्तींना, तो दर्जा कायम असेल आणि त्याच व्हिसावर परत प्रवेश होणार असेल, तर यातून सूट आहे. विद्यार्थी म्हणून किंवा पर्यटक म्हणून गेलेल्यांना ती नाही.

आजोबा गेल्याची वार्ता अकोल्याहून पहाटे येते आणि दुपारच्या विमानाचे तिकीट निघते. अशा वेळी नियम आठवत नाहीत, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. म्हणूनच ही परवानगी स्थायी निवासाच्या अर्जासोबतच मागून ठेवणे शहाणपणाचे. अत्यंत निकडीच्या प्रसंगी तेथील स्थानिक कार्यालयात तातडीची परवानगी मागता येते. त्यासाठी रुग्णालयाचे पत्र किंवा मृत्यूचा दाखला लागतो. घरच्यांनी अशा वेळी रडत बसण्याआधी तो कागद छायाचित्र काढून पाठवावा. परवानगी हाती असली तरी पुनर्प्रवेशाचा अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकाऱ्याचा असतो, हेही ध्यानात असावे. पूर्वी व्हिसाची मुदत संपल्यावरही तेथे राहणे झाले असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये.

अमेरिकेतल्या अमेरिकेत, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर बदलले तरी नवा पत्ता १० दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी ‘एआर-११’ हा नमुना आहे. मुलाखतीचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले आणि अर्जदार गैरहजर राहिला, तर दोष टपालाला देता येत नाही.

अर्जदार वऱ्हाडातच थांबला असेल तर

अनेक घरांत मुलगी विवाहानंतर भारतातच राहते आणि पती तिकडून ‘आय-१३०’ हा अर्ज दाखल करतो. पती अमेरिकेचा नागरिक असेल, तर पत्नीला वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. तो केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर लागू होते आणि प्रतीक्षा लांबू शकते. अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते, तेथे ‘डीएस-२६०’ हा नमुना व कागदपत्रे सादर होतात आणि शेवटी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. व्हिसा केंद्राकडून सूचना आल्यानंतर एक वर्षभर काहीच हालचाल केली नाही, तर प्रकरण बंद होऊ शकते. त्यामुळे ‘सध्या मुलगी पुण्याला नोकरीला आहे, नंतर बघू’ असे म्हणून पत्रे बाजूला ठेवता येत नाहीत.

या काळात मुलगी भारतात कोठेही राहू शकते. माहेरी, सासरी किंवा नोकरीच्या गावी. मात्र दोन गोष्टी जुळायला हव्यात. पहिली म्हणजे पोलिसांचा चारित्र्य दाखला. अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतात आणि दाखल्याचा अर्ज पासपोर्ट सेवेमार्फत होतो. पडताळणी सध्याच्या पत्त्यावर होते. माहेर अकोल्याचे, सासर अमरावतीचे आणि मुक्काम पुण्याचा असेल, तर अर्जातील पत्ता, त्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष राहणे यांत मेळ असावा.

दुसरी गोष्ट म्हणजे परदेशातील मधला मुक्काम. वाट पाहण्याचा काळ वाया जाऊ नये म्हणून कोणी वर्षभर दुबईला नोकरी करते. सोळा वर्षांच्या वयानंतर दुसऱ्या एखाद्या देशात १२ महिने किंवा त्याहून अधिक वास्तव्य झाले असेल, तर त्या देशाचाही पोलीस दाखला लागतो. सध्याच्या निवासाचा देश असेल, तर ६ महिन्यांहून अधिक वास्तव्य पुरते. तो दाखला तेथून निघण्यापूर्वीच काढून आणावा. परत आल्यावर तोच कागद मिळवण्यात महिने जातात.

अर्ज चालू असताना पतीला भेटण्यासाठी पर्यटक व्हिसा मागण्यास मनाई नाही; परंतु स्थायिक होण्याचा अर्ज समोर असताना ‘मी परत येईन’ हे अधिकाऱ्याला पटवणे अवघड असते. तेथे जाऊन राहण्याचा हेतू मनात ठेवून पर्यटक म्हणून प्रवेश घेणे हा तर कायद्याच्या दृष्टीने खोटेपणा ठरतो. त्याचा डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो.

वैद्यकीय तपासणी साधारणतः सहा महिने ग्राह्य असते आणि व्हिसाची मुदतही बहुधा तिच्याशी बांधलेली असते. म्हणून मुलाखत झाल्यानंतर ‘दिवाळी आणि वहीपूजन करून जाऊ’ असे ठरवायचे असेल, तर आधी पासपोर्टवरील तारीख पाहावी आणि मग पंचांग.

जामीनदार जोडीदार इकडे आला तर

या बाजूकडे घरांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अमेरिकेचा नागरिक असलेला मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे वर्षभर अकोल्याला येऊन दुकान सांभाळतो. पत्नी सोबत आहे, सारे सुखाचे आहे. पण आर्थिक हमीचे प्रतिज्ञापत्र ‘आय-८६४’ भरताना हमीदाराचा अधिवास अमेरिकेत असावा लागतो आणि उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते. अकोल्याच्या दुकानाचा नफा कितीही असो, स्थलांतरानंतर तो मिळकतीचा मार्ग चालू राहणार नसेल, तर सामान्यतः त्या हिशेबात धरला जात नाही. उत्पन्न कमी पडल्यास दुसरा सहहमीदार चालतो. अधिवासाची उणीव मात्र सहहमीदार भरून काढू शकत नाही.

यावर उपाय आहे. तिकडचे बँक खाते, वाहन परवाना, मतदार नोंदणी आणि भाड्याचा करार चालू ठेवावा. प्रतिवर्षी अमेरिकेचे कर विवरण भरावे. नागरिक कोठेही राहत असला, तरी जगभरच्या उत्पन्नाचे विवरण त्याच्याकडून अपेक्षित असतेच. परतण्याची तयारी दाखवणारे नोकरीचे पत्र किंवा घराचा करार जोडावा. जोडीदार नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर धोका दुहेरी आहे. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असल्यास पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठीचा अर्ज अमेरिकेत प्रत्यक्ष हजर असतानाच करावा लागतो. अकोल्याला पोहोचल्यावर ती सोय उरत नाही.

इतर देशांची रीत

तत्त्व सगळीकडे सारखे, तपशील वेगळे. ब्रिटनमध्ये राहून मुदतवाढीचा अर्ज केला असेल आणि निर्णयाआधी देश सोडला, तर अर्ज मागे घेतल्याचे समजले जाते. तेथे जोडीदारासाठीची किमान वार्षिक उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांना १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंड झाली. ब्रिटिश जोडीदार भारतात नोकरी करून पत्नीसह परतणार असेल, तर इथल्या उत्पन्नाच्या जोडीला ब्रिटनमध्ये ३ महिन्यांत सुरू होणाऱ्या नोकरीचे पत्र लागते. कॅनडाचा नागरिक परतण्याचा हेतू दाखवून बाहेर राहूनही जोडीदाराला बोलावू शकतो. स्थायी रहिवाशाला मात्र कॅनडातच राहावे लागते. ऑस्ट्रेलियात राहून अर्ज केलेल्याला ‘ब्रिजिंग व्हिसा ए’ मिळतो. त्यावर बाहेर पडल्यास परत प्रवेश मिळत नाही. निघण्याआधी ‘ब्रिजिंग व्हिसा बी’ घ्यावा लागतो.

वही, बँक आणि नाव

विवाह खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी छायाचित्रांपेक्षा हिशेब अधिक बोलतो. पती-पत्नी वेगवेगळ्या देशांत असताना परस्परांना पाठवलेले पैसे बँकेमार्फत जावेत, विमा व ठेवींवर नामनिर्देशन असावे, भेटींची तिकिटे जपावीत. रोखीने झालेला व्यवहार प्रेमाचा असला, तरी फाइलीत दिसत नाही.

मुलगी भारतात वाट पाहत आहे, तोवर तिचे बचत खाते निवासी म्हणूनच राहते. स्थायिक होण्यासाठी ती निघाली, की बँकेला कळवून ते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ खात्यात बदलावे लागते. उलट, परदेशातील मुलगा येथे मुक्कामाला आला, तर दिवस मोजावेत. आर्थिक वर्षात १८२ दिवस भरले, की प्राप्तिकराच्या दृष्टीने तो निवासी ठरू शकतो. भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक असलेल्या अनिवासींसाठी ही मर्यादा १२० दिवसांची आहे.

विवाहाची नोंद महानगरपालिकेत करून दाखला घ्यावा. पत्रिका आणि मंदिरातील पावती पुरत नाही. विवाहात मुलीचे नाव बदलण्याची प्रथा असेल, तर पासपोर्ट, आधार, पॅन आणि दाखला यांत एकच नाव, एकच अक्षररचना असावी. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने अनेकींची जन्मनोंद आईच्या माहेरच्या गावी असते आणि त्यात पुष्कळदा बाळाचे नावच नसते. ती दुरुस्ती अर्ज करण्याआधी उरकावी.

कागद कोणाच्या हाती

तात्पुरता मुक्काम प्रत्येक वेळी दोघांच्या संमतीने होतो, असे नाही. ‘थोडे दिवस आईकडे राहा’ असे सांगून मुलीला पाठवले जाते आणि तिचा पासपोर्ट व निवासपत्र तिकडेच ठेवून घेतले जाते, असेही घडते. विवाहाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी अमेरिकेत प्रवेश झाला, तर मिळणारा निवास सशर्त व दोन वर्षांचा असतो. १९८६ च्या कायद्याने ही अट आली. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ती अट काढण्याचा अर्ज करावा लागतो. मुलगी इकडे आणि कागद तिकडे अशी स्थिती असेल, तर ही तारीख निघून जाते. म्हणून मूळ कागद मुलीच्याच हाती असावेत आणि प्रती आईवडिलांकडे. अर्जाचा क्रमांक आणि संकेतशब्द तिला स्वतःला पाठ असावा. अडचण आल्यास राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. तेथे तक्रार करण्यात घराण्याची अप्रतिष्ठा नाही.

नियम बदलत राहतात. निघण्याच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत. दलालाच्या शब्दापेक्षा परवानाधारक वकिलाची फी स्वस्त पडते. आजारी सासऱ्यांजवळ राहणे, बाळंतपणाला माहेरी येणे ही कर्तव्ये आणि सुखे टाळावीत, असे कोणीही म्हणणार नाही. परवानगी, पत्ता आणि परतीचा पुरावा एवढे तीन कागद निघण्यापूर्वी जमवले, तर ती निश्चिंतपणे पार पाडता येतात.