लूव्हनमधला शुक्रवार

सकाळी ७:३०. नोव्हेंबरातलं झुंजुमुंजू, खिडकीवर पावसाची पिरपिर. आमच्या मजल्यावर अजून कोणी हललेलं नाही, कारण काल गुरुवार होता. बेल्जियमची फ्लेमिश, म्हणजे डच बोलणारी, पोरं शुक्रवारी घरी जातात, म्हणून धुडगूस गुरुवारी रात्री. आउडे मार्क्टमधले बार पहाटेपर्यंत चालू असतात. सामाईक स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मॅकरोनी चिकटलेलं पातेलं पडलंय. मी तिकडे काणाडोळा करून चहा टाकला. अशी भाड्याची खोली म्हणजे इथल्या भाषेत ‘कॉट’. खोली आपली, चूल सगळ्यांची आणि भांडी कोणाचीच नाहीत.

८:१०. सायकलवरून हेव्हरले या उपनगरातल्या वर्गाकडे. पुढचा-मागचा दिवा लावायचाच, नाहीतर पोलीस दंड करतात. व्याख्यान नेहमीसारखं. वर्ग मात्र निम्मा रिकामा.

१२:१५. बाजार एक वाजता उठतो, म्हणून थेट गावात. लूव्हनचा शुक्रवारचा बाजार विद्यापीठाच्या ग्रंथालयासमोर भरतो. उठता उठता भाजीवाला भाव पाडतो, हे मला एका नायजेरियन मित्राने शिकवलं. फ्लॉवर, गाजरं, कोथिंबिरीची एक महागडी जुडी.

१:००. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून घरी फोन. पुण्यात साडेपाच, आईच्या चहाची वेळ. इथे रात्री निवांत बोलू म्हटलं तर तिकडे मध्यरात्र उलटलेली असते.

२:००. अभ्यासिका. जानेवारीतल्या परीक्षा आताच मानगुटीवर बसल्यात. इथे ६० क्रेडिटचं वर्ष, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला. गुण २० पैकी, १० ला पास. लेखी परीक्षेची आपल्याला सवय असते. धसका असतो तोंडीचा. प्रश्न हातात पडतो, थोडा वेळ कागदावर तयारी करायची, मग प्राध्यापकांसमोर बसायचं. पाठांतर तिथे दोन मिनिटांत उघडं पडतं, कारण पुढचा प्रश्न ‘का?’ असतो. मला ही पद्धत आवडते, निदान नोव्हेंबरात तरी.

समोरच्या ग्रंथालयाने तर याहून मोठ्या परीक्षा दिल्यात. १९१४ साली जर्मन सैन्याने गावातलं जुनं ग्रंथालय जाळलं, अमेरिकी देणग्यांतून ही इमारत उभी राहिली, तीही १९४० मध्ये जळाली. पुढे १९६८ च्या डच-फ्रेंच भाषावादात १४२५ सालचं हे विद्यापीठच दुभंगलं. फ्रेंच शाखा लूव्हँ-ला-नव्ह इथे गेली आणि पुस्तकांच्या वाटण्या झाल्या त्या सम-विषम क्रमांकांवर! भाऊबंदकीत आपणच पुढे, असं मानणाऱ्यांनी हे ऐकावं.

४:००. खडखड सुरू. चाकांच्या बॅगा दगडी फरशीवरून स्टेशनकडे निघाल्या. बॅगेत आठवड्याचे मळके कपडे आणि रिकामे डबे. रविवारी रात्री हेच डबे आईच्या हातच्या सूपने भरून परततील. पुण्यात एस.टी.ने गावाकडून डबा यायचा, इथे पोरगं स्वतःच डबा आणायला जातं. बहुतेकांचा अधिकृत पत्ता आईवडिलांच्या घरचाच राहतो. आम्ही परदेशी मात्र नगरपालिकेत रीतसर नोंदलेले. खरंच इथे राहतो का ते बघायला पोलीस दारापर्यंत येऊन जातो. म्हणजे शनिवार-रविवारी कागदोपत्रीही गाव आमचंच.

५:३०. एका रेस्तराँत भांडी. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. शुक्रवारी गावकरी जेवायला बाहेर पडतात, पोरांचा गोंधळ नसतो ना. बिअरमध्ये शिजवलेल्या गोमांसाची पातेली घासून घासून हाताला त्याचा वास बसलाय.

१०:००. मजल्यावर आम्ही तिघंच. फ्रिजचे कप्पे मोकळे, चारही शेगड्या आपल्या. इथिओपियाच्या मुलीने मसुरीचं कालवण केलंय, मी फ्लॉवरची भाजी आणि भात. चिनी मित्राला दोन्ही तिखट लागतं, तरी तो दुसऱ्यांदा वाढून घेतो. सिंकमधलं ते पातेलं तसंच आहे. त्याचा मालक ब्रुजच्या गाडीत बसलाय. घासायचं नाही, यावर आमचं एकमत झालं. वॉशिंग मशीनला आज रांग नाही, तेवढे कपडे टाकून येतो.