महाडचे तळे आणि न्यायालयाचे दोन दरवाजे

आम्ही वकिली करतो म्हणून समाजबांधव नेहमी विचारतात, 'वकीलसाहेब, प्रकरण हायकोर्टात न्यायचे की थेट सुप्रीम कोर्टात?' याचे उत्तर द्यायचे तर महाडपासून सुरुवात करावी लागते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या काही स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. तळ्यावर पूर्वापार वहिवाट आमचीच, असे त्यांचे म्हणणे. मुंबई हायकोर्टात या खटल्याचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. तब्बल दहा वर्षांनी! स्पृश्यांचे अपील फेटाळले गेले. पण का? अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही म्हणून! ती सिद्ध झाली असती तर?

१८६२ साली इंग्लंडच्या राणीच्या सनदेने स्थापन झालेल्या त्या हायकोर्टापुढे कायदा होता, मूलभूत हक्क नव्हते. दिल्लीचे फेडरल कोर्ट १९३७ च्या ऑक्टोबरात आले. त्याच्याही वर लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती.

२६ जानेवारी १९५० रोजी हे चित्र पालटले. कलम १३ म्हणते, मूलभूत हक्कांविरुद्ध जाणारी रूढी निरर्थक आहे. कलम १५ मध्ये विहिरी आणि तळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. म्हणजे आज वहिवाट सिद्ध झाली तरी ती टिकणार नाही!

पण हक्क नुसता कागदावर असून काय उपयोग? म्हणूनच कलम ३२. मूलभूत हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हा हक्क स्वतःच मूलभूत हक्क आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी त्याला राज्यघटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले, ते उगाच नव्हे.

मात्र राज्याच्या उच्च न्यायालयाचे कलम २२६ अधिक व्यापक आहे. मूलभूत हक्कांखेरीज इतर कायदेशीर हक्कांसाठीही तेथे रिट अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयही अनेकदा 'आधी उच्च न्यायालयात जा' असे सांगते. म्हणून आमचा सल्ला असा की, बहुतेक प्रकरणांत आधी जवळचा दरवाजा ठोठवा.

पैसा नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. बाबासाहेबांनी दहा वर्षे खटला लढवला. आपण निदान अर्ज तरी करणार की नाही?

जयभीम!